कुरळे केस सरळ करायचेत? मशीनला हात लावायच्या आधी हे ठरवा

कुरळे केस सरळ करायचं डोक्यात आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, कुठली ट्रीटमेंट चांगली, केराटिन का स्मूदनिंग का रिबॉन्डिंग. माझ्या मते हा प्रश्न खूप नंतरचा आहे. आधी हे सांगा की केस सरळ हवेत किती दिवस? बहिणीच्या रिसेप्शनपुरते एक संध्याकाळ? पुढच्या धुण्यापर्यंत? का वर्षभर कुरळेपणा बघायचाच नाहीये? याचं खरंखरं उत्तर स्वतःला दिलंत ना की अर्धे पर्याय तिथेच गळतात. एका संध्याकाळीसाठी वर्षभराचं केमिकल लावून घेणाऱ्या मुली मी पार्लरमध्ये कितीतरी बघितल्यात, आणि केसांची वाट लागते ती मुख्यतः यानेच, स्वस्त शाम्पूने वगैरे नाही.

(आणि घरचे म्हणतात "नीट विंचरत जा गं" म्हणून सरळ करायचे असतील तर आधी नुसता रुंद दातांचा कंगवा आणि चांगला कंडिशनर घेऊन बघा. बऱ्याचदा प्रॉब्लेम कुरळेपणाचा नसतोच, कोरडेपणाचा असतो.)

थोडं समजून घेऊ, फार नाही

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात आणि आपल्या कामापुरते त्यात दोन प्रकारचे बंध महत्त्वाचे. एक हायड्रोजन बंध, हे कच्चे, पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळला की ज्या आकारात असेल त्या आकारात परत बांधले जातात, म्हणूनच ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या असतात. दुसरे डायसल्फाइड बंध, हे पक्के, पाण्याने सुटत नाहीत, त्यांना तोडायला केमिकल लागतं, आणि एकदा केमिकलने तोडून दुसऱ्या आकारात जोडले की तो केस आयुष्यभर तसाच, मुळातून नवा येईल तो मात्र कुरळाच.

म्हणजे रोलर, ड्रायर, स्ट्रेटनर ही सगळी कच्च्या बंधांची कामं, केस धुतले की खेळ संपला. रिबॉन्डिंग हे पक्क्या बंधांचं काम. केराटिन ट्रीटमेंटवाले मधेच कुठेतरी बसतात, त्यांच्याकडे येतेच मी. नुकसान कमी हवं असेल तर हिशोब साधा आहे, जेवढे दिवस केस सरळ हवेत तेवढ्यापुरतंच तोडायचं, जास्त नाही.

आणि कुरळ्या केसांना हे सगळं जास्त का लागतं, तर टाळूचं तेल सरळ केसावरून घसरत खाली जातं, कुरळ्यावर ते वळणावळणात अडकतं, म्हणून आपले शेंडे कायम कोरडे. शिवाय प्रत्येक वळणाशी केस आधीच नाजूक असतो आणि तुटतो पण बहुतेक तिथेच.

पहिलं काम: केस तपासा

केस धुतल्यावर एक ओला केस दोन बोटात धरून हलकेच ताणा. थोडा ताणला जाऊन परत मूळ लांबीवर आला तर ठीक. ताणल्याबरोबर तुटला, किंवा च्युइंगगमसारखा लांबतच गेला आणि परत आलाच नाही, तर सध्या केमिकल विसरा आणि मशीन, म्हणजे स्ट्रेटनर, पण थोडे महिने लांब ठेवा. डोक्याच्या वेगवेगळ्या भागातले तीनचार केस बघा कारण पुढचे आणि कानावरचे केस मागच्यांपेक्षा बारीक असतात बऱ्याच जणींचे.

मग मागच्या दोनतीन वर्षात केसांना काय काय लावलंय ते आठवा. कलर, ब्लीच करून केलेले हायलाइट्स, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट, मेहंदी. मेहंदी केसावर थर करून बसते आणि मग केमिकल सगळीकडे सारखं आत जात नाही, काही बटा सरळ काही अर्धवट. त्यात पॅकेटची "काळी मेहंदी" असेल तर ती नुसती मेहंदी नसतेच, त्यात डाय असतो आणि काहींमध्ये धातूंचे क्षार पण असतात जे कलर, न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी गडबड करतात. पार्लरवाल्या ताईंनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. आजीने लावून दिली होती म्हणून ती मोजायची नाही असं नसतं.

एका संध्याकाळीपुरते हवे असतील तर आधी बिनहीटचं बघा

अगदी काडीसारखे सरळ होणार नाहीत हे आधीच सांगते. पण लाटा मोठ्या असतील तर चक्क छान मोकळे होतात, आणि घट्ट कुरळे असतील तरी लांबी सुटते, पुढे ड्रायर किंवा मशीनचं काम अर्धं होतं.

केस धुऊन कंडिशनर लावा, टर्किश टॉवेलने खसाखसा पुसू नका, घरातला जुना पंचा किंवा सुती टीशर्ट घेऊन नुसतं दाबून पाणी टिपा. मग थोडे ओलसर असताना दोन किंवा चार भाग करून प्रत्येकाचा खाली पोनी बांधा आणि त्याच्यावर दोनतीन बोटांच्या अंतरावर कापडी रबरं लावत शेंड्यापर्यंत या. पूर्ण वाळेपर्यंत सोडायचं नाही, घाईत सोडलं तर केस होते तसेच. मोठे रोलर असतील तर ते पण चालतात. फक्त घट्ट ओढून बांधू नका, कपाळाजवळच्या आणि कानशिलाच्या बारीक केसांना सतत ताण बसला की ते मुळापासून जातात आणि ते परत येतीलच असं नाही.

ड्रायर: लोक उगाच घाबरतात

"ड्रायरने केस जळतात, नैसर्गिक वाळू दे" हे आपण लहानपणापासून ऐकतो. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी हे तपासून बघितलं, केस वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने पुन्हापुन्हा वाळवले आणि काही नुसतेच वाळू दिले. ५ सेंटीमीटरवरून हवा केसावर ९५ अंशांची पडत होती, १० वरून ६१ आणि १५ वरून ४७. जवळून वाळवलेल्यांचं वरचं आवरण जास्त खराब झालं हे अपेक्षितच होतं, पण नुसतेच वाळू दिलेल्या केसांच्या आतल्या थरात बिघाड दिसला, बहुधा ते खूप वेळ ओले राहिल्यामुळे. १५ सेंटीमीटरवरून ड्रायर सतत हलवत वाळवणं त्यातल्या त्यात बरं ठरलं. १५ सेंटीमीटर म्हणजे साधारण एक वीत, थोडं कमीच.

तर करायचं असं: केस ७०-८० टक्के आपोआप वाळू द्या, मग भाग करून गोल किंवा चपट्या ब्रशवर केस ताणून वरून खाली हवा मारा, ड्रायरचं तोंड कायम शेंड्यांकडे. पुढे लावायचं चपटं नोझल असतं ना ते लावा, ते बॉक्समध्येच पडून असतं सगळ्यांच्या. मीडियम हीट, आणि शेवटी थंड हवेचं बटण दाबून अर्धा मिनिट, त्याने आकार बसतो. सवय नसेल तर हात भरून येतात हे खरं, तेव्हा पार्लरमध्ये जाऊन नुसतं ब्लोड्राय करून आलात तरी चालतं, ट्रीटमेंटच्या मानाने पैसे पण किरकोळ लागतात. हे करताना तिथल्या ताई "केसांची कंडिशन फार खराब आहे हो मॅडम" म्हणत केराटिनचं पॅकेज दाखवतील, त्याला हसून नाही म्हणायचं.

स्ट्रेटनर: इथे जरा सावकाश वाचा

घरात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि नीट वापरलं तर इथेच सगळ्यात जास्त वाचतं पण.

मशीन घेताना एकच गोष्ट बघा, त्यावर तापमान आकड्यात दिसतं का आणि ते कमी करता येतं का. नुसतं ऑन-ऑफचं बटण असलेलं घेऊ नका, कितीही ऑफर असली तरी. प्लेट सिरॅमिकची असली तर उष्णता सगळीकडे सारखी लागते, टायटॅनियमच्या पटकन आणि जास्त तापतात, त्या नवशिक्यांनी नको. स्ट्रेटनिंग ब्रश मिळतात ते तेवढे सरळ करत नाहीत पण दोन प्लेटांमध्ये केस चिरडला जात नाही, मोठ्या लाटा असतील तर तेवढ्यावर भागतं.

तापमान किती? बारीक, रंगवलेले किंवा आधीच खराब केस असतील तर १५० अंशांच्या आसपास सुरू करा, मध्यम असतील तर १६५ ते १८०, जाड राठ असतील तर १८५-१९०, आणि माझ्या मते २०० च्या वर घरात कोणालाच गरज नसते. साधारण २३० अंशांच्या आसपास केराटिनची रचनाच ढासळते, नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याच मशिनींचं सगळ्यात वरचं सेटिंग नेमकं २३० असतं. कमीपासून सुरुवात करून एका बटेवर बघा, एका फेरीत जमलं तर तेच तुमचं तापमान. नाही जमलं तर दहाने वाढवा. कमी तापमानावर सहा फेऱ्या मारण्यापेक्षा थोड्या वाढवलेल्या तापमानावर एक सावकाश फेरी बरी, हे बरेच जण उलटं करतात.

केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. ओलसर सुद्धा नाही. ओल्या केसावर तापलेली प्लेट फिरली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते आणि केसाच्या आतच बुडबुडे तयार होतात. मग केस बरोबर तिथून तुटतो. चर्र आवाज आला, वाफ दिसली, की थांबा आणि आधी वाळवा.

हीट प्रोटेक्टंट स्प्रे किंवा क्रीम लावायचंच. घटकांमध्ये डायमेथिकोनसारखं सिलिकॉन दिसतं बहुतेक वेळा, ते केसावर पातळ थर करून उष्णता हळूहळू आत जाऊ देतं. त्याने नुकसान कमी होतं, शून्य होत नाही, "२३० अंशांपर्यंत संरक्षण" असं बाटलीवर लिहिलंय म्हणून मशीन २३० वर लावायचं नसतं. स्प्रे मारला की तो पण वाळू द्या. आणि प्रोटेक्टंटच्या जागी खोबरेल तेल नको. खोबरेल तेल चांगलंच आहे, धुण्याच्या आधी लावलं तर केसातलं प्रोटीन कमी वाहून जातं हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलंय (ते खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोचेच होते, पण प्रयोग नीट केलेला आहे), म्हणजे ते आदल्या रात्रीचं काम, मशीनच्या पाच मिनिटं आधीचं नाही.

आता फिरवायचं कसं. आधी गुंता पूर्ण काढा. केसांचे चार भाग करून क्लिप लावा आणि खालून सुरुवात करा. बट दोन-तीन सेंटीमीटर रुंद आणि एवढी पातळ की आरपार थोडं दिसेल, जाड घेतली की वरचे केस भाजतात आणि आतले कुरळेच राहतात, मग परत फेरी, परत फेरी. टाळूपासून सेंटीमीटरभर सोडून प्लेट लावा, पुढे बारीक कंगवा आणि त्याच्या लगेच मागे मशीन असं एकाच सावकाश चालीत शेंड्यापर्यंत, मधे थांबायचं नाही. एक फेरी, फार तर दोन. शेंड्यांवर दाब सैल करा, ते केस सगळ्यात जुने असतात.

एकदा केलं की पुढच्या धुण्यापर्यंत टिकवा, रोज सकाळी "जरा टचअप" करू नका. रात्री केस गुंडाळून सॅटिनच्या किंवा रेशमी कापडात बांधा, जुन्या रेशमी साडीचा तुकडा उशीला घातला तरी काम होतं. आठवड्यातून एकदा ही वरची मर्यादा समजा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मुंबई, कोकण, गोवा इकडे जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की कच्चे बंध सुटायला केस भिजावे पण लागत नाहीत, घरून सरळ निघालेले केस दादरला उतरेपर्यंत पिंजारलेले. यावर उपाय म्हणून तापमान वाढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण २१० वर केलं तरी दमट हवा तेच करणार. शेवटी थोडं सिलिकॉनचं सीरम लावा, केस बांधून जा, किंवा त्या चार महिन्यात कुरळेच मिरवा.

केमिकल: पार्लरच्या मेनूकार्डावरची नावं सोडा, बाटली बघा

इथे नावांचा नुसता गोंधळ आहे. केराटिन, स्मूदनिंग, सिस्टीन, नॅनोप्लास्टिया, हेअर बोटॉक्स (यात बोटॉक्स नसतं). एकच नाव दोन पार्लरमध्ये दोन वेगळ्या गोष्टींना असतं, म्हणून बाटली दाखवा म्हणायचं आणि घटक वाचायचे. दाखवायला नकार दिला तर उठून यायचं, खुर्चीत बसला असलात तरी.

घटकांत अमोनियम थायोग्लायकोलेट दिसलं तर ते रिबॉन्डिंगच्या घराण्यातलं, पक्के बंध तोडणारं, मग मशीनने सरळ करून न्यूट्रलायझर लावून ते परत जोडणारं. बरीचशी "स्मूदनिंग" पण हीच असते, जरा सौम्य. परिणाम कायमचा, नंतर साधारण तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे सुद्धा सारायचे नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणजे सहा महिन्यांनी वर सहा सेंटीमीटर कुरळे आणि खाली सरळ. त्यावेळी फक्त मुळांचं करून घ्यायचं, आधी केलेल्या केसांवर परत क्रीम लागता कामा नये, हे सांगूनही बऱ्याच ठिकाणी वरपासून खालपर्यंत फासतात, म्हणून आरशात लक्ष ठेवा. ब्लीच केलेल्या केसांवर अजिबात नाही. आणि परदेशात असाल तर तिकडच्या सलूनमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर पण असतात, थायोग्लायकोलेट झालेल्या केसावर ते लावले तर केस हातात येतात, तेव्हा भारतात काय केलं होतं ते तिथे सांगाच.

केराटिन ट्रीटमेंटमध्ये बंध तेवढे तोडत नाहीत, केसावर आणि थोडं आत थर बसवून मशीनने पक्का करतात, तीन ते पाच महिने टिकतं. ऐकायला पौष्टिक वाटतं पण तो थर बसतो कशाने, तर जुन्या प्रकारात फॉर्मल्डिहाइडने, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कॅन्सर करणारं म्हणून पहिल्या गटात आहे. लेबलवर ते फॉर्मॅलिन किंवा मिथिलीन ग्लायकॉल अशा नावांनी पण असतं. मशीन फिरवताना तुमचे आणि पार्लरवाल्या ताईंचे डोळे झोंबायला लागले, घसा खवखवला तर "स्ट्राँग वास आहे" म्हणून सोडून देऊ नका, बंद एसी खोलीत तर नाहीच. त्या बिचाऱ्या दिवसभर त्याच हवेत असतात.

मग "फॉर्मल्डिहाइड फ्री" आलं, त्यात बऱ्याचदा ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं. तापवलं की त्यातूनही फॉर्मल्डिहाइड निघू शकतं, आणि २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीचं उदाहरण आलं, तिला तीन वेगवेगळ्या वेळी स्ट्रेटनिंगनंतर किडनीला इजा झाली होती, आणि उंदरांवर तेच क्रीम लावून बघितलं तर त्यांच्या किडनीत ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले. ट्रीटमेंट करताना टाळू जळजळली, नंतर उलट्या, पोटात किंवा कंबरेत दुखलं तर डॉक्टरकडे जा आणि केसांना काय लावलं ते सांगा, नाहीतर त्यांच्या डोक्यात पण येणार नाही. किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, टाळूवर जखम असेल तर केमिकल नकोच. लहान मुलींना पण नको, मुंजीचे फोटो कुरळ्या केसातही छान येतात.

अजून एक आकडा. अमेरिकेत ३३,४९७ बायकांची जवळपास ११ वर्षं माहिती ठेवली गेली, त्यावरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. केस सरळ करायची केमिकल्स वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता अंदाजे ४.०५ टक्के निघाली, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४. यातून केमिकलमुळेच झाला असं सिद्ध होत नाही आणि तिकडची उत्पादनं वेगळी, पण "दर तीन महिन्यांनी पॅकेज" घेणाऱ्यांनी हे माहीत असून घ्यावं.

मग निवडायचं काय

महिन्यातून एकदोनदा सरळ हवे असतील तर ड्रायर आणि वर कमी तापमानावर एक फेरी, केमिकल अजिबात नाही. आठवड्याला हवे असतील तर जास्तीत जास्त काम ड्रायरवर, मशीन फक्त पुढच्या आणि वरच्या थराला, मागचं कोण बघतंय. आणि खरंच रोज सरळच हवेत, म्हणजे एरवी रोज सकाळी ऑफिसच्या घाईत २०० वर मशीन फिरणारच आहे, तर मग निरोगी, न रंगवलेल्या केसांवर चांगल्या हाताने एकदा केलेलं रिबॉन्डिंग आणि नंतर वर्षाला फक्त मुळं, हे मला त्यापेक्षा बरं वाटतं. अनेकांना पटणार नाही, पण रोजची भाजणूक आणि एकदाचं केमिकल यात मी केमिकल घेईन. केराटिन मात्र कोणाला सुचवावं असं मला कधी वाटलेलं नाही.

काहीही केलंत तरी दर दोनतीन आठवड्यांनी केस धुऊन काहीही न लावता वाळू द्या आणि बघा कुरळे परत येतात का. एखादी बट सरळ लोंबतच राहिली, शेंड्यांना पांढरे ठिपके दिसले, बेसिनमध्ये लांब केसांऐवजी छोटे छोटे तुकडे पडायला लागले तर मशीन कपाटात ठेवा. भाजलेला केस कुठल्याही मास्कने परत वळत नाही, तो वाढवून कापावाच लागतो. एकदम नको असेल तर महिन्या-दीड महिन्याला थोडं थोडं कापा, आणि कापायला जाताना केस धुतलेले आणि कुरळेच ठेवून जा, सरळ करून नाही, म्हणजे कुठपर्यंत वळतोय आणि कुठून पुढे मेलाय ते कापणाऱ्याला दिसतं.